अठरा वर्षं गायकाची वाट पाहणारी गाणी

केमिकल कंपनीत नोकरी करणारा शास्त्रज्ञ पंक बँडचा गायक असतो, हे घणसोलीत कुणाला सांगितलं तर चटकन पटत नाही. 'डिसेन्डेन्ट्स'चा मायलो ऑकरमन अनेक वर्षं ड्युपाँटमध्ये वनस्पतींवर संशोधन करत होता.

पंक हा रॉक संगीताचा एक प्रकार. पंक म्हणजे दोन-तीन कॉर्ड, सुसाट वेग आणि दीड-दोन मिनिटांत मनातलं बोलून मोकळं होणं. हा बँड १९७७ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला सुरू झाला. मायलो १९८० मध्ये आला. १९८२ च्या पहिल्या अल्बमचं नाव 'मायलो गोज टू कॉलेज', कारण तो खरंच शिकायला निघाला होता. पुढे जीवशास्त्रात डॉक्टरेटही केली. नवी मुंबईतले किती बँड असेच थांबले! आमचा ड्रमर एमएस करायला अमेरिकेला गेला आणि नेरूळच्या रो-हाऊसमधलं आमचं जॅमिंग त्याच महिन्यात बंद पडलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला टेकवलेली गादी मात्र कितीतरी दिवस तशीच उभी होती.

डिसेन्डेन्ट्स परत परत जमले. नवे अल्बम आले १९९६, २००४, मग थेट २०१६ मध्ये. मधल्या काळात बेसवादक कार्ल अल्वारेझला हृदयविकाराचा झटका आला, ड्रमर बिल स्टीव्हन्सनच्या मेंदूतली गाठ काढावी लागली. २०१६ चा अल्बम तर कोलोरॅडो, तुलसा आणि डेलावेअर अशा तीन ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड झाला. जुनी गाणी घेऊन दौरा करणं त्यामानाने सोपं. ब्रिटिश पंक बँड सेक्स पिस्टल्सही १९९६ मध्ये एकत्र आला, पण नव्या गाण्यांचा अल्बम काही निघाला नाही.

मला सगळ्यात भिडतो तो त्यांचा 'नाइन्थ अँड वॉलनट' हा अल्बम. लाँग बीचमधल्या त्यांच्या सरावाच्या जागेचा हा पत्ता. १९७७ ते ८० मधली, बहुतेक मायलो यायच्या आधीची गाणी. फ्रँक नवेटा, टोनी लोम्बार्डो आणि स्टीव्हन्सन हे जुने तिघे २००२ मध्ये स्टुडिओत जमले, त्यांनी गिटार, बेस आणि ड्रम वाजवून ठेवले. गाणाऱ्याचा आवाज तेवढा रेकॉर्ड करायचा राहिला. २००८ मध्ये नवेटा गेला. २०२० मध्ये, साथीच्या काळात, मायलोने त्या ट्रॅकवर आवाज चढवला आणि जुलै २०२१ मध्ये अल्बम आला. पन्नाशी पार केलेला माणूस मित्रांनी चाळीसेक वर्षांपूर्वी लिहिलेले शब्द गातोय, मागे वाजणारी गिटार आता हयात नसलेल्या मित्राची आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ठाणे-वाशी लोकलमध्ये होतो, तुर्भे कधी गेलं ते कळलं नाही.

त्या रात्री आमच्या ड्रमरला लिंक पाठवली. सकाळी त्याचा मेसेज आला होता, "तालाचा क्लिक कानाला लावून फक्त गिटार वाजवून पाठव. ड्रम मी इथून बसवतो."