ट्रान्स्फर बदलली आणि मीटर झोपला

पावसाळा उलटला की चिपळूण-खेडच्या गॅरेजांत हा प्रकार हमखास दिसतो. चिखलापाण्याने फोर-बाय-फोरची ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, गेलेली, जुन्या बाजारातून दुसरी आणून चढवलेली. गाडी वाळूतून मासळीचे क्रेट झकास ओढते, वेगाच्या मीटरचा काटा मात्र शून्यावर. मिस्त्री म्हणतो, ‘सेन्सर गेला असेल.’ बऱ्याचदा सेन्सर धडधाकट असतो. तो बसवायची जागाच या केसला नसते.

मीटर वेग मोजत नाही, फेरे मोजतो. १९०२ मध्ये ओटो शुल्त्सेने पेटंट घेतलेल्या रचनेवर पुढे कित्येक दशकं मीटर चालले: केबलच्या टोकाला फिरणारं लोहचुंबक, त्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी, वाटीला केसाएवढी बारीक स्प्रिंग. चुंबक वाटीला आपल्यामागे ओढतं, स्प्रिंग अडवते, त्या ओढाताणीत काटा कुठे तरी थांबतो. बॅटरी उतरलेली असली तरी धकून जायचं.

केबल फिरवणारी गरारी कुठे बसवायची, हा खरा प्रश्न. १९४७ पासून महिंद्रने आपल्याकडे जोडलेल्या विलीज जीपमध्ये ती ट्रान्स्फरच्या मागच्या आउटपुट शाफ्टवर होती. १९८५ मध्ये आलेल्या जिप्सीचीही केबल ट्रान्स्फरमधूनच निघते. लो रेंजमध्ये, म्हणजे चढ-चिखलासाठीच्या हळू गिअरमध्ये, ट्रान्स्फर फेरे निम्म्याहून कमी करते. मोजणी तिच्या आधी, गिअरबॉक्सवर केली, तर कड्यावरून बैलगाडीच्या चालीने उतरणारी जीप मीटरवर धावायला लागेल.

हिशोब असायचा गरारीच्या दातांत. जपानी मानकात केबलने किलोमीटरला ६३७ फेरे घ्यायचे, अमेरिकी रिवाजात मैलाला १०००. टायर मोठे टाकले की गरारी बदलायची, बस. जुने मिस्त्री दात मोजूनच पार्ट मागायचे.

मग केबल गेली आणि सेन्सर आला. अमेरिकी पिकअपमध्ये शाफ्टवर ४० दातांची चकती, समोर दोन वायरींची कॉइल; दात समोरून गेला की विजेचा एक ठोका. दुसरा प्रकार तीन वायरींचा, चुंबकाची चाहूल विजेने ओळखणारा हॉल सेन्सर. त्यामागचा परिणाम एडविन हॉलला १८७९ मध्येच दिसला होता. दातांमधला हिशोब आता ठोके मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीत किंवा कॉम्प्युटरमध्ये गेला. ट्रान्स्फर बदलताना नेमकं तेच कुणाच्या लक्षात येत नाही.

आकडेच मांडू. ७५ सेंटिमीटर व्यासाचा टायर किलोमीटरला साधारण ४२४ फेरे घेतो. डिफरन्शिअल ४.३ चं धरलं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला ट्रान्स्फरपासून निघणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे ४.३ फेरे, तर त्या शाफ्टचे १८२५ फेरे, ४० दातांवर ७३,००० ठोके. मीटर केबलच्या एका फेऱ्याला चार ठोक्यांच्या हिशोबाचा असेल तर त्याला हवे असतात २५४८. म्हणजे सेन्सर नुसता जोडून भागत नाही. मधे ठोक्यांना भागणारी डबी लागते.

केसला जुन्या केबलचं भोक असेल तर नशीब. त्यात आट्यांनी बसणारा पल्स जनरेटर मिळतो. नसेल तर शाफ्टच्या फ्लँजवर चुंबकं बसवून समोर हॉल सेन्सर लावतात. इथे किनाऱ्यावर मात्र चुंबकांना गंजाचा कीस चिकटतो आणि कनेक्टरवर हिरवा कळंक चढतो. मी पिना ग्रीसने भरून टाकतो. जीपीएसचा मीटर सोपा खरा, पण कशेडीच्या बोगद्यात शिरलात की उपग्रह गेला, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला हवा असलेला सिग्नल तो बहुधा देतही नाही.

डबी बसली की सकाळी लवकर महामार्गाचा सरळ तुकडा गाठायचा, काटा साठावर धरायचा आणि शेजारच्याने किलोमीटरच्या दोन दगडांमधली वेळ घड्याळावर मोजायची. साठ सेकंद भरले तर जमलं. माझे पहिल्यांदा बावन्न भरले होते. म्हणजे मी साठच्या नावाखाली सत्तरच्या जवळ पळत होतो.