पत्ता बरोबर, मजला चुकीचा

भोसरी एमआयडीसीत गुरुवार हाच रविवार असतो. अशाच एका गुरुवारी सकाळी मित्राच्या पावडर कोटिंगच्या शेडमध्ये गेलो, तर तो पॅनेलचं दार उघडं टाकून समोर स्टुलावर बसलेला. आदल्या रात्रपाळीत कन्व्हेयरचा ड्राइव्ह गेला होता. पंधरा वर्षं चाललेला डबा, आणि ते मॉडेल आता कुठेच बनत नाही. त्याच अश्वशक्तीचा, दुसऱ्या कंपनीचा नवा ड्राइव्ह आणून वायरमनने तो तासाभरात जोडलाही होता. मोटर हाताने, म्हणजे ड्राइव्हवरच्या बटणांनी, झकास फिरत होती. पीएलसी, म्हणजे मशीनला आज्ञा देणारा कारखान्यातला छोटा संगणक, मात्र नव्या पाहुण्याशी बोलायलाच तयार नव्हता. शुक्रवारी सकाळी सात वाजता पहिली पाळी येणार होती.

ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारं यंत्र. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं. चार ध्रुवांची साधी इंडक्शन मोटर त्यावर मिनिटाला 1440च्या आसपास फेरे घेते आणि तिला दुसरा वेग माहीत नसतो. ड्राइव्ह ही 415 व्होल्टची वीज आधी एकदिश करतो. आत साधारण 560 ते 590 व्होल्टचा साठा कपॅसिटरमध्ये तयार होतो. मग आयजीबीटी नावाचे अर्धवाहक स्विच तो साठा सेकंदाला हजारो वेळा कापून त्यातून हव्या त्या वारंवारतेची वीज घडवतात. 25 हर्ट्झ दिले की मोटर निम्म्या वेगाने फिरते. वारंवारतेबरोबर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवावं लागतं, नाहीतर मोटर तापते. जुने ड्राइव्ह बहुतेकदा कपॅसिटर सुकल्यामुळे मरतात. (आणि मेलेल्या ड्राइव्हलाही लगेच हात लावायचा नसतो. वीज बंद केल्यावर तो साठा उतरायला काही मिनिटं लागतात. किती, ते डब्यावरच लिहिलेलं असतं.)

या शेडमध्ये वेगाला फार महत्त्व. रंगाची पावडर चिकटलेले सुटे भाग हँगरला टांगून ओव्हनमधून जातात, आणि जवळपास 180 ते 200 अंशांत ठरलेली मिनिटं राहिले तरच रंग पक्का होतो. हा वेग पीएलसी ठरवतो आणि दोन तारांवरून ड्राइव्हला कळवतो. ती भाषा मोडबस.

नव्या ड्राइव्हच्या खोक्यावरही ‘मोडबस’ असं ठळक छापलेलं होतं. मित्राची फसगत तिथेच झाली. मोडबस आली 1979 साली, मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीकडून, तिच्या स्वतःच्या पीएलसींसाठी. तिने ठरवलं ते पाकिटाचं: आधी कोणासाठी, मग काय काम, मग कुठल्या क्रमांकाच्या कप्प्याशी, शेवटी निरोप वाटेत बिघडला का ते पाहायची बेरीज. प्रत्येक कप्प्यात, म्हणजे रजिस्टरमध्ये, 0 ते 65535 मधला एक आकडा मावतो. त्या आकड्याचा अर्थ काय, यावर मोडबस एक अक्षर बोलत नाही. ते ज्याने त्याने ठरवायचं, आणि ज्याने त्याने ते वेगवेगळं ठरवलं.

पहिला अडथळा सर्वांत सोपा निघाला. तारेवर प्रत्येक अक्षरासोबत तपासणीचा एक बिट जातो, त्याला पॅरिटी म्हणतात. जुन्या ड्राइव्हवर ती ‘सम’ लावलेली होती, नव्यावर कारखान्यातूनच ‘नाही’. मोडबसच्या शिस्तीत बिघडलेला निरोप मिळालेल्याने उत्तर द्यायचंच नसतं, त्यामुळे चूक दिसत नाही, नुसती शांतता असते. या शांततेत मित्राने दोन तास तारा उलटसुलट करून पाहिल्या होत्या. त्याचाही दोष नाही. आरएस-485 जोडणीतल्या तारांना ए आणि बी म्हणतात, आणि त्यातली धन कुठली यावर कंपन्यांचं एकमत नाही: मूळ मानकात बी, बऱ्याच चिपच्या कागदावर ए. तारा उलट लागल्या तर सहसा काही जळत नाही, म्हणून बदलून पाहणं हा पुण्यात काय, सगळीकडेच चालणारा उपाय.

वायरमनला दुसरीच शंका होती: टोकाचा 120 ओहमचा रोधक. लाइन संपते तिथे तो नसला तर संदेश भिंतीवर आपटल्यासारखा परत फिरतो. खरं आहे, पण प्रत्येक दुखण्यावर तेच औषध नव्हे. इथे तार जेमतेम 20 मीटर. तेवढं अंतर संदेश 100 नॅनोसेकंदांत कापतो, आणि सेकंदाला 9600 बिटांच्या वेगाला एक बिट जवळपास 104 मायक्रोसेकंद, म्हणजे त्याच्या हजारपट टिकतो. प्रतिध्वनी केव्हाच विरून जातो. रोधक तपकीर गल्लीत चिल्लरीत मिळतो, लावावा. पण बोलणं अडलं होतं ते त्याच्यावाचून नाही.

पॅरिटी जुळवली आणि पीएलसीच्या पडद्यावर उत्तरं येऊ लागली. चहा आला. पण मोटर हलेना.

जुन्या ड्राइव्हला आज्ञेच्या कप्प्यात 1 लिहिलं की तो सुरू व्हायचा. नव्याला आधी 6, मग 7, मग 15 हवे होते, याच क्रमाने आणि प्रत्येक पायरीला त्याचा होकार पाहून. वाटतो तो सरकारी कार्यालयातला खिडकी-ते-खिडकी प्रवास, पण त्यामागे शहाणपण आहे. वीज जाऊन परत आली आणि कप्प्यात आधीचीच आज्ञा पडून असली, तरी मशीन आपोआप सुटू नये. कुणाचा हात हँगरवर असू शकतो. यासाठी पीएलसीचा प्रोग्रॅम बदलणं भाग होतं. तो लिहिणारा इंजिनिअर केव्हाच गेलेला, पण त्याची प्रत ऑफिसच्या कपाटातल्या जुन्या लॅपटॉपमध्ये सापडली. ती नसती तर मधे दुभाषा, म्हणजे गेटवे, बसवावा लागला असता.

आता ड्राइव्ह ‘चालू’ दाखवत होता, पण वेग शून्य. पीएलसी म्हणतो 2500 पाठवले, ड्राइव्ह म्हणतो पोचले. दोघंही खरं बोलत होते. आकडा शेजारच्या घरात पडला होता.

आपल्या इमारतीत तळमजल्याच्या वरचा मजला तो पहिला. अमेरिकेत तळमजलाच पहिला. मोडबसमध्ये हाच घोळ आहे. मॅन्युअलमध्ये मोजणी 1 पासून लिहिण्याची जुनी पद्धत, तारेवर मात्र ती 0 पासून. कागदावरचा 40001 तारेवर 0 असतो (पुढचा 4 फक्त कप्प्याचा प्रकार सांगतो). काही कंपन्या कागदी क्रमांक छापतात, काही तारेवरचा. काही पीएलसी आपणहून एक वजा करतात, काही नाही. एकाने जिने मोजले, दुसऱ्याने मजले. कप्पा अस्तित्वातच नसता तर ड्राइव्हने ‘असा पत्ता नाही’ हे उत्तर पाठवलं असतं. इथे शेजारचा कप्पा होता आणि लिहिताही येत होता: वेग वाढवायला किती वेळ घ्यावा, त्याचा. दशांश सेकंदांत.

पत्ता दुरुस्त केला. कन्व्हेयर हलला, इतका सावकाश की मित्राला वाटलं मोटरच गेली. पण 2500 दशांश म्हणजे 250 सेकंद. मघा शेजारी पडलेला आकडा आपलं काम चोख करत होता. दोन मिनिटांनी पडद्यावर 25 हर्ट्झ आले आणि मित्राने टाळी दिली. आकडा 25 वर थांबला नाही. 30, 38, 45. शेवटी 50 वर अडला, कारण तिथे ड्राइव्हची कमाल मर्यादा लावलेली होती. जुन्या ड्राइव्हसाठी 2500 म्हणजे 25.00 हर्ट्झ, नव्यासाठी 250.0. हँगर दुप्पट वेगाने रिकाम्या ओव्हनमधून धावत होते. शुक्रवारी माल असता तर अर्धवट भाजलेला रंग गिऱ्हाइकाने नखाने काढून दाखवला असता.

प्रोग्रॅममध्ये दहाने भागाकार घातला, तो शेजारचा कप्पा पूर्ववत केला. तरीही पडद्यावर विजेच्या युनिटचा आकडा अशक्य मोठा दिसत होता. 65535च्या पुढे जाऊ शकणारा आकडा दोन कप्प्यांत विभागून ठेवतात, आणि मोठा भाग आधी की लहान, हेही मोडबसने सांगितलेलं नाही. दोन्ही भागांची अदलाबदल केली, आकडा जागेवर आला.

वायरमनचं मत सकाळपासून एकच होतं: कशाला हे बोलणं, चार तारा ओढा, 0 ते 10 व्होल्टने वेग द्या, एका रिलेने चालू-बंद करा, मोकळे व्हा. एकाच कन्व्हेयरसाठी त्याचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. मित्राला मात्र करंट आणि युनिट पडद्यावर हवे होते.

निघण्याआधी कन्व्हेयर चालू असताना संदेशाची तार ओढून काढली. काही झालं नाही. हँगर आपले फिरतच राहिले. पीएलसी गप्प झाला तर काय करायचं, हे नव्या ड्राइव्हला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि न सांगितल्यास तो शेवटची आज्ञा पाळत राहणारा निघाला. दोन सेकंद निरोप आला नाही तर थांब, असं लावून तार पुन्हा ओढली. या वेळी थांबला. मग वायरमनने सगळे आकडे एका कागदावर उतरवून तो पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला, जुन्या ड्राइव्हच्या पिवळ्या पडलेल्या कागदाशेजारी. त्या कागदावर ‘पॅरिटी: सम’ हे पंधरा वर्षांपासून लिहिलेलं होतं.