तंबूतले ते तिघे : 'डेथली हॅलोज'मधल्या प्रेमकथांची पार्श्वभूमी

हॅरी पॉटरच्या सातही पुस्तकांवर नवी दूरचित्रवाणी मालिका येणार, हे २०२३ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं. मूळ पुस्तकांना धरून राहू, असं निर्मात्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हापासून वाचकांमधला एक जुना वाद पुन्हा तापला आहे. 'डेथली हॅलोज' या सातव्या पुस्तकात जोड्या जशा लागल्या, म्हणजे हॅरीची मित्र रॉनच्या बहिणीशी, जिनीशी, आणि दोघांची मैत्रीण हर्मायनीची रॉनशी, तशाच दाखवायच्या, की लेखिका जे. के. रोलिंगने नंतर हॅरी-हर्मायनीच्या बाजूने जे बोलून ठेवलं त्याला मान द्यायचा? हा वाद नव्याने पाहणाऱ्यांना तो २०१४ साली सुरू झाला असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची मुळं पुस्तकं निघत होती त्या काळात आहेत.

या वादातला नेहमीचा शब्द 'शिप'. आपल्याकडची कॉलेजातली मुलंही आज सर्रास 'मी यांना शिप करते' म्हणतात. या शब्दाचा जहाजाशी काही संबंध नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या एका गूढकथा मालिकेच्या प्रेक्षकांत दोन तट पडले. नायक-नायिकेचं जुळावं असं म्हणणारे 'रिलेशनशिपर' झाले, त्याचं पुढे 'शिपर' आणि मग 'शिप'. हॅरी पॉटरच्या वाचकांनी मात्र तो शब्द जहाज म्हणूनच खेळवला. जोड्यांना गलबतांसारखी नावं दिली, आपली जोडी मोडली की 'जहाज बुडालं' म्हणायचं. हॅरी-हर्मायनीचं जहाज 'पम्पकिन पाय', नंतर 'हार्मनी'. रॉन-हर्मायनीचं पुढे 'रोमायनी'.

मराठीत याला धड शब्द नाही. 'जोडी जमवणं' म्हटलं की लग्न जमवणाऱ्या काकू डोळ्यांपुढे येतात. शिप करण्यात आणखी एक गोष्ट असते: लेखकाच्या मनात काय आहे याचा पुराव्यानिशी शोध. अमुक पानावर तिने त्याच्याकडे पाहिलं, तमुक पानावर त्याचे कान लाल झाले. शिपर हा एका अर्थी वकील असतो आणि प्रत्येक पुस्तक त्याच्यासाठी साक्षीदार. हे ध्यानात घेतलं नाही, तर २००५ साली लोक एवढे का दुखावले ते कळणार नाही.

पहिल्या तीन पुस्तकांत प्रेम जवळपास नाहीच. तरी १९९९ मध्येच एका जाहीर कार्यक्रमात लेखिकेला हॅरी-हर्मायनीबद्दल विचारलं गेलं. ते दोघे निव्वळ मित्र आहेत, असं तिने स्पष्ट सांगितलं आणि इतरांबद्दल मात्र सूचक मौन पाळलं. चौथं पुस्तक जुलै २००० मध्ये आलं आणि पाचवं जून २००३ मध्ये. मधल्या तीन वर्षांत वाचकांच्या हातात चर्चेशिवाय काही नव्हतं. तर्कांचे डोंगर उभे राहिले ते याच काळात.

हॅरी-हर्मायनी हा तर्क मराठी वाचकाला तर सहज पटणारा होता. आपण वाढलो ते नायकाला नायिका आणि नायकाच्या मित्राला नायिकेची मैत्रीण हे गणित पाहत. इथे हुशार, धीट नायिका नायकाच्या सावलीसारखी सोबत असताना ती मित्राच्या वाट्याला जाते, आणि नायक मित्राच्या धाकट्या बहिणीच्या प्रेमात पडतो. माझ्या ओळखीतल्या निम्म्या जणांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. मला पहिल्यापासून पटत होतं, हे सांगून टाकलेलं बरं.

१६ जुलै २००५ ला सहावं पुस्तक आलं आणि त्याच दिवशी लेखिकेने चाहत्यांच्या दोन संकेतस्थळांच्या तरुण चालकांना घरी बोलावून मुलाखत दिली. या मुलाखतीबद्दल एक चूक अजून ठिकठिकाणी वाचायला मिळते. हॅरी-हर्मायनीची आस धरणाऱ्यांना लेखिकेने 'भ्रमात आहेत' म्हटलं, असं सांगितलं जातं. तो शब्द मुलाखत घेणाऱ्याचा होता. लेखिका हसली, मी इतकं म्हणणार नाही, तेही माझे वाचकच आहेत, असं म्हणाली. त्याचबरोबर रॉन-हर्मायनीच्या खुणा आपण ऐरणीएवढ्या ठसठशीत ठेवल्या होत्या, मागे जाऊन पुन्हा वाचा, असंही तिने सांगितलं. दुखलं ते या हसण्याने. वर्षानुवर्षं पानं तपासून केलेला युक्तिवाद हसण्यावारी गेला, असं एका मोठ्या गटाला वाटलं, आणि ती अढी आजतागायत सुटलेली नाही.

शेवटचं पुस्तक २१ जुलै २००७ ला, शनिवारी आलं. पुण्यात त्या सकाळी पावसात भिजत रांगेत उभे होतो. पुस्तक हातात पडताच शेवटची पानं उघडणारे होते आणि त्यांना तोंड उघडू न देणारेही होते. कोण मरतं हा पहिला प्रश्न, कुणाचं कुणाशी जमतं हा लगेच दुसरा.

त्या पुस्तकात प्रेम आहे तरी किती? पानं मोजली तर फार थोडं. कथा जवळजवळ पूर्णपणे हॅरीच्या डोळ्यांतून दिसते आणि हॅरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्यात कच्चा. त्यामुळे रॉन आणि हर्मायनीचं जे चाललंय ते आपल्याला कडेकडेने दिसतं. लग्नघरावर हल्ला झाल्यावर तिघं लंडनमधल्या त्या जुन्या घरात जमिनीवर झोपतात. हर्मायनीने मुलगी म्हणून सोफ्याच्या गाद्यांवर झोपावं असा रॉनचा हट्ट. हॅरीला मध्येच जाग येते. तिचा हात खाली लोंबतोय, बोटं रॉनच्या बोटांपासून काही इंचांवर. हात हातात घेऊनच झोपले असतील का, असं त्याला वाटून जातं आणि एकटं एकटं वाटतं. एवढंच. त्या एका वाक्याच्या एकटेपणात, पुढे लपतछपत फिरताना तिघं ज्या तंबूत राहतात त्यातल्या भांडणाची सगळी बीजं आहेत.

हॅरी आणि जिनीचं तर त्याहूनही कमी. हॅरीच्या सतराव्या वाढदिवसाला तिच्या खोलीत एक चुंबन, तेही रॉन दार उघडून मोडतो. त्यानंतर महिनोन्महिने भेट नाही. तंबूत रात्री हॅरी शाळेतलं प्रत्येक माणूस ठिपक्याने दाखवणारा तो जादूचा नकाशा काढतो आणि मुलींच्या खोलीतल्या 'जिनी' या नावाच्या ठिपक्याकडे बघत बसतो. आपण इतकं टक लावून बघतोय हे तिला झोपेत जाणवत असेल का, असा विचार करतो. फोन नाही, पत्र नाही, फक्त एक ठिपका. पुस्तकातलं सर्वांत खरं विरहाचं चित्र मला हेच वाटतं, आणि चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

बाकीच्या प्रेमकथा भराभर येतात-जातात. बिल आणि फ्लरचं लग्न, तिथे हर्मायनीचा जुना चाहता व्हिक्टर क्रम आलेला पाहून रॉनने घाईने हर्मायनीला नाचायला नेणं. टॉन्क्सला दिवस गेल्यावर तिचा नवरा, हॅरीचा जुना शिक्षक लुपिन, तिला सोडून या तिघांसोबत यायला निघतो आणि हॅरी त्याला तोंडावर भित्रा म्हणतो. नवराबायको दोघंही शेवटच्या लढाईत जातात, मागे तान्हं मूल राहतं. शिक्षक स्नेपचं लिलीवरचं, म्हणजे हॅरीच्या आईवरचं, प्रेम एका प्रकरणात उलगडतं आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहावं एवढं आहे.

वादाचं केंद्र मात्र तंबू. रॉन चिडून निघून जातो, कारण हर्मायनी हॅरीसोबत राहायचं ठरवते. तिने त्याला निवडलं, असा रॉनचा समज. पुढचे काही आठवडे तंबूत दोघंच असतात. नाताळच्या आदल्या रात्री हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यापाशी दोघं उभे राहतात, ती जादूने फुलांचं कडं करते, तो ते थडग्यावर ठेवतो, आणि एकमेकांना धरून ते बर्फातून परततात. हार्मनीवाल्यांचा सगळा खटला या दृश्यावर उभा आहे. दृश्य सुंदर आहे, याबद्दल दुमत नसावं.

लेखिकेने त्याचं उत्तरही पुस्तकातच लिहून ठेवलं आहे. रॉन परततो त्या रात्री एक लॉकेट फोडायचं असतं, ज्यात खलनायकाच्या आत्म्याचा तुकडा आहे. त्यातून हॅरी आणि हर्मायनीच्या आकृत्या निघतात, रॉनला हिणवतात आणि त्याच्यासमोर एकमेकांचं चुंबन घेतात. म्हणजे वाचकांच्या एका तटाचं स्वप्न हेच रॉनचं सर्वांत मोठं भय म्हणून लेखिकेने उभं केलं, आणि त्याच्याच हातून तलवारीने फोडलं. ती तलवार हॅरीला सापडली ती स्नेपने जादूने पाठवलेल्या चंदेरी हरिणीमागे जाऊन. लिलीवरच्या प्रेमातून जन्मलेली हरिणी एका मत्सराच्या शेवटाकडे वाट दाखवते, ही रचना किती बारकाईने केलेली आहे!

त्यानंतर हॅरी म्हणतो, ती मला बहिणीसारखी आहे, तुला माहीत असेल असं वाटलं होतं. इंग्रजी वाचकाला हे वाक्य पळवाटेसारखं वाटू शकतं, आणि अनेकांना वाटलंही. आपल्याकडे ते तसं वाजत नाही. मानलेली बहीण हे मराठी घरात खरं नातं असतं. त्याला भाऊबीजेचं ताट असतं, माहेरपणाचा हक्क असतो. एकदा बहीण म्हटलं की विषय संपतो. हॅरीसारख्या पोरक्या मुलाने हे म्हणावं यात जे वजन आहे, ते मला मराठीतून विचार करताना जास्त कळलं.

आणि मग लढाईच्या ऐन मध्यावर ते चुंबन. रॉनला आठवतं की शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या घरगुती एल्फना, म्हणजे जादूच्या जगातल्या गुलाम चाकरांना, बाहेर काढायला हवं, आपल्यासाठी मरा असा हुकूम त्यांना देता येणार नाही. हर्मायनीच्या हातातले बॅसिलिस्क या महासर्पाचे सुळे खाली पडतात आणि ती धावत त्याच्याकडे जाते. चौथ्या पुस्तकात तिने एल्फांच्या हक्कांसाठी दोन सिकल (जादूगारांचं नाणं) वर्गणीची संघटना काढली होती, तेव्हा रॉनने तिची टर उडवली होती. तीन पुस्तकं लागली त्याला. प्रेमाची कबुली म्हणून मला यापेक्षा चांगलं काही सुचत नाही.

२०११ च्या चित्रपटात हेच हरवलं. एल्फांच्या हक्कांचं उपकथानक आधीच्या चित्रपटांत वगळलेलं असल्याने त्या वाक्याला आधारच उरला नाही. चुंबन तळघरात, पाण्याच्या लोंढ्यानंतर घडतं. उलट २०१० च्या पहिल्या भागात हॅरी आणि हर्मायनी तंबूत रेडिओवरच्या गाण्यावर नाचतात. पुस्तकात तो नाच नाही. नकाशावरचा ठिपका, जिनीची वाट, हे पडद्यावर आलं नाही आणि नाच आला. आज हार्मनीच्या बाजूने बोलणारे बरेच जण खरं तर या नाचाबद्दल बोलत असतात.

मग फेब्रुवारी २०१४. हर्मायनीची भूमिका करणारी अभिनेत्री एका नियतकालिकाची पाहुणी संपादक होती आणि तिने लेखिकेची मुलाखत घेतली. अंक येण्याआधी एका रविवारच्या वृत्तपत्राने त्यातले तुकडे छापले. हर्मायनीचं लग्न हॅरीशी व्हायला हवं होतं अशी लेखिकेची कबुली, असे मथळे जगभर झळकले. काही दिवसांनी पूर्ण मुलाखत आली. तिचा सूर वेगळा होता. रॉन-हर्मायनी ही आपली इच्छापूर्ती होती, आपण कथा जशी पहिल्यांदा सुचली तशीच धरून बसलो, असं ती म्हणाली. काही बाबतींत हॅरी-हर्मायनी जास्त जुळतात, आणि तंबूतली प्रकरणं लिहिताना ते आपल्याला तीव्रतेने जाणवलं होतं, असंही म्हणाली. पण पुढे त्याच संभाषणात रॉन आणि हर्मायनी थोडं समुपदेशन घेतलं तर ठीक राहतील, असंही आहे. ते वाक्य मथळ्यांत आलं नाही.

या कबुलीतला महत्त्वाचा भाग माझ्या मते 'पहिल्यांदा सुचली तशीच' हा आहे. शेवटचा मजकूर, एकोणीस वर्षांनंतरचा, तिने फार आधी लिहून ठेवला होता. म्हणजे रेल्वे फलाटावरची ती मुलंबाळं, ती नावं आधी ठरली आणि सात पुस्तकं त्या फलाटाकडे चालत गेली. वाटेत पात्रं मोठी झाली, लिहिणारीही बदलली. तंबूत तिला जे जाणवलं ते खरंच असणार. तरी लॉकेटचं दृश्यही तिनेच त्याच तंबूच्या बाहेर, दोन-तीन प्रकरणांनंतर लिहिलं. मुलाखतीतली जाणीव आणि पानावरचा निर्णय यांत मी पानाच्या बाजूने आहे.

२०१६ च्या लंडनमधल्या नाटकाने याच प्रश्नाला आणखी एक फाटा फोडला. काळाशी खेळ झाल्याने एका पर्यायी जगात रॉनचं लग्न पद्मा पाटीलशी झालेलं असतं, आणि हर्मायनी कडवट, एकाकी शिक्षिका झालेली असते. हर्मायनीसारखी बाई एका पुरुषावाचून अशी सुकून जाते, हे अनेकांना रुचलं नाही, आणि ते बरोबरच होतं. आपल्याकडे चर्चा झाली ती रॉन-पद्माच्या मुलाच्या नावाची. पंजू! पाटलांच्या घरात असं नाव कुणी ऐकलंय?

पाटील बहिणींचं दुखणं तसं जुनंच. चौथ्या पुस्तकातल्या नाचाला हॅरीने पार्वतीला नेलं, रॉनने पद्माला, आणि दोघांनीही रात्रभर त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. आपल्या आडनावाची मुलगी एवढ्या मोठ्या कथेत आहे म्हणून हरखलेल्या वाचकांना ती रात्र लागली होती. शेवटच्या पुस्तकात दोघी लढायला परत येतात. पार्वती एका डेथ ईटरसमोर, म्हणजे खलनायकाच्या अनुयायासमोर, कांडी घेऊन उभी दिसते, एका ओळीत. तिचं कुणाशी काय जमलं हे त्या पुस्तकात कुठेच येत नाही.