भारतातील दूरध्वनी क्रमांकन योजना

देशातील प्रत्येक दूरध्वनी जोडणीला कोणता क्रमांक द्यायचा, तो किती अंकी असावा आणि फिरवलेल्या अंकांवरून कॉल कोणत्या मार्गाने न्यायचा, हे ठरवणाऱ्या देशव्यापी रचनेला राष्ट्रीय क्रमांकन योजना म्हणतात. केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग ही योजना आखतो आणि क्रमांकांच्या मालिका सेवा देणाऱ्या कंपन्यांना वाटून देतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, तिच्याविषयी शिफारशी करते. सध्याची योजना २००३ सालची असून तिच्यात नंतर अनेक फेरफार झाले आहेत.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या मानकानुसार देशाच्या संकेतांकासह कोणताही क्रमांक जास्तीत जास्त १५ अंकांचा असू शकतो. भारताचा संकेतांक ९१ आहे आणि त्यापुढे १० अंक येतात. परगावी फोन लावताना एसटीडी कोडाआधी जे शून्य फिरवले जाते, ते मुळात क्रमांकाचा भाग नाही. 'हा कॉल गावाबाहेरचा आहे' एवढेच ते एक्स्चेंजला सांगते. परदेशातून मुंबईला फोन लावताना म्हणूनच ९१ नंतर लगेच २२ येतात. दुकानांच्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांवर +९१ च्या पुढे ०२२ किंवा ०२० छापलेले दिसते, ते चुकीचे आहे. तसाच्या तसा फिरवल्यास तो फोन लागेलच याची खात्री नसते.

स्थिर दूरध्वनीचा, म्हणजे लँडलाइनचा, क्रमांक दोन भागांचा असतो. पहिला भाग एसटीडी कोड आणि दुसरा ग्राहकाचा स्थानिक क्रमांक. कोड दोन ते चार अंकी आणि स्थानिक क्रमांक आठ ते सहा अंकी असतो. दोहोंची बेरीज मात्र सर्वत्र दहाच येते. मुंबईचा कोड २२, म्हणून तेथील क्रमांक आठ अंकी. नाशिकचा २५३, म्हणून सात अंकी. रत्नागिरीचा २३५२, म्हणून सहा अंकी. ऑपरेटरकडे ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसण्याऐवजी ग्राहकाने स्वतःच परगावचा क्रमांक फिरवण्याची ही सोय भारतात १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ या शहरांदरम्यान प्रथम सुरू झाली. पुढे तिच्यासाठी देशाची विभागणी ३२२ दीर्घ पल्ल्याच्या क्षेत्रांत करण्यात आली, जी साधारणपणे जिल्ह्याएवढी असतात, आणि त्यांच्या पोटात सुमारे तालुक्याएवढी लघु पल्ल्याची क्षेत्रे पाडण्यात आली. रत्नागिरी जिल्ह्यात ही रचना स्वच्छ दिसते. रत्नागिरी २३५२, राजापूर २३५३, चिपळूण २३५५, खेड २३५६, दापोली २३५८: पहिले तीन अंक जिल्हा सांगतात आणि चौथा तालुका.

कोडाच्या पहिल्या अंकाचा मेळ राज्यांच्या सीमांशी बसत नाही. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश आणि मराठवाडा २ च्या पट्ट्यात येतात, तर नागपूर (७१२), अमरावती (७२१), अकोला (७२४) ही विदर्भातील शहरे मध्य प्रदेशाबरोबर ७ च्या पट्ट्यात आहेत. गोव्याचा ८३२ हा कोड शेजारच्या बेळगावच्या ८३१ ला लागून येतो. ही आखणी कॉल ज्या वाटांनी वाहतात त्यांचा विचार करते, राज्याचा नकाशा तिला दुय्यम असतो, आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते योग्यही आहे.

शहर वाढले की क्रमांकही वाढवावे लागतात. पुण्याचा कोड पूर्वी २१२ होता आणि क्रमांक सहा अंकी होते. नंतर कोड २० झाला, क्रमांक सात अंकी झाले, आणि त्यानंतर आधी २ जोडून ते आठ अंकी करण्यात आले. हा २ मनमानी नाही. खासगी कंपन्या लँडलाइनच्या व्यवसायात उतरल्यावर स्थानिक क्रमांकाचा पहिला अंक कंपनीची ओळख ठरला आणि २ हा अंक बीएसएनएल व एमटीएनएल या सरकारी कंपन्यांच्या वाट्याला आला.

मोबाइल सेवा भारतात ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. मोबाइलला गाव नसते, त्यामुळे त्याच्या क्रमांकातून एसटीडी कोड गेला आणि दहाही अंक सलग फिरवायची पद्धत आली. तरीही भूगोल पूर्णपणे सुटला नाही. परवान्यासाठी देशाचे २२ सेवाक्षेत्रांत, म्हणजे सर्कलमध्ये, विभाजन झाले आहे. मुंबईचे सर्कल वेगळे असून त्यात नवी मुंबई आणि कल्याणही येतात, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे सर्कल होते. सुरुवातीला क्रमांकाच्या पहिल्या चार अंकांवरून कंपनी आणि सर्कल दोन्ही कळत. ९४२२ ने सुरू होणारा क्रमांक बीएसएनएलच्या महाराष्ट्र सर्कलचा, हे नेहमी फोन करणाऱ्यांना पाठ असे. अशा एका चार अंकी उपसर्गामागे सहा अंक उरतात, म्हणजे एका मालिकेत १० लाख क्रमांक मावतात.

क्रमांक ही मर्यादित संपत्ती आहे, हे योजनाकारांना फार लवकर जाणवले. २००३ ची योजना २०३० पर्यंतची गरज धरून, सुमारे ७५ कोटी जोडण्यांसाठी आखलेली होती. २०१० संपण्याआधीच देशातील जोडण्यांनी तो आकडा ओलांडला. ९ ने सुरू होणारे दहा अंकी क्रमांक १०० कोटींहून अधिक असू शकत नाहीत, आणि मोठ्या मालिकांमध्ये वाटून दिलेले सगळेच क्रमांक काही वापरात येत नाहीत. म्हणून आधी ८, मग ७ आणि नंतर ६ ने सुरू होणारे मोबाइल क्रमांक आले. येथे खरा पेच उभा राहिला, कारण बंगळूरचा कोड ८०, नागपूरचा ७१२ आणि शून्यानंतर येणारे हे अंक मोबाइलच्या क्रमांकासारखेच दिसू शकतात. लँडलाइनने व्यापलेले अंकगट मोबाइलच्या मालिकांतून वगळत वगळत हा मार्ग काढण्यात आला. दुसरा पेच लँडलाइनवरून मोबाइल लावताना येत होता. ग्राहकाने ६ फिरवताच हा त्याच शहरातला आठ अंकी क्रमांक आहे की दहा अंकी मोबाइल, हे एक्स्चेंजला पहिल्या अंकांवरून ठरवता येत नसे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले, ते यामुळेच. एका शून्याने सुमारे २५४ कोटी नवे क्रमांक मोकळे होऊ शकतील, असा अंदाज तेव्हा देण्यात आला होता. मोबाइल क्रमांक अकरा अंकी करण्याचा पर्यायही चर्चेत होता; तो टळला हे फार बरे झाले, कारण कोट्यवधी लोकांच्या संपर्कयाद्या, बँकांच्या नोंदी आणि सरकारी अर्ज त्यासाठी बदलावे लागले असते.

दरम्यान क्रमांकाचा कंपनीशी असलेला संबंधही सैल झाला. कंपनी बदलूनही जुनाच क्रमांक ठेवण्याची सोय, म्हणजे पोर्टेबिलिटी, २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदलले तरी क्रमांक कायम राहू लागला. ग्राहक १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' असा संदेश पाठवतो, त्याला आठ अक्षरांचा संकेत मिळतो आणि तो नव्या कंपनीला दिल्यावर बदल होतो. कॉल लावताना आता उपसर्ग पाहून भागत नाही. तो क्रमांक सध्या कोणत्या कंपनीकडे व कोणत्या सर्कलमध्ये आहे, हे सांगणारा मार्गसंकेत माहितीसाठ्यातून आधी शोधावा लागतो.

१ ने सुरू होणारे छोटे क्रमांक तातडीच्या आणि लोकोपयोगी सेवांसाठी राखलेले आहेत: पोलीस १००, अग्निशमन १०१, मुलांसाठी १०९८, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० आणि सर्व आपत्कालीन मदतीसाठी एकच ११२. ग्राहकाला निःशुल्क असलेले क्रमांक १८०० ने, तर जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होतात. यंत्रांनी यंत्रांशी बोलण्यासाठीची, उदाहरणार्थ वीजमीटर किंवा वाहनांतील उपकरणांची, सिमकार्डे २०१८ पासून तेरा अंकी क्रमांकांची आहेत, आणि माणसांच्या वापरातील दहा अंकी क्रमांक त्यामुळे वाचले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने लँडलाइनसाठीही मोठ्या बदलाची शिफारस केली. तिच्यानुसार तालुक्यांवर आधारलेल्या क्षेत्रांऐवजी संपूर्ण सर्कल हाच क्रमांकनाचा घटक धरावा आणि एका लँडलाइनवरून दुसरीवर, अगदी त्याच गावातही, फोन करताना शून्य, कोड आणि स्थानिक क्रमांक असे सगळे अंक फिरवावेत. आधीचे क्रमांक मात्र आहेत तसेच राहतील.