अभयारण्य वेगळं, इको-सेन्सिटिव्ह झोन वेगळा

पश्चिम घाटातल्या एखाद्या गावाचं नाव इको-सेन्सिटिव्ह झोनच्या (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागाच्या) यादीत आलं की पारावर चर्चा सुरू होते: आता जमिनी वनखात्याकडे जाणार, गुरं चारायला बंदी येणार, घरावरची कौलं बदलायलाही साहेबांची सही लागणार. यातली बरीचशी धास्ती खरं तर अभयारण्याची आहे. ती झोनच्या नावावर खपते.

अभयारण्य होतं ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली. राज्य सरकार हद्द जाहीर करतं आणि त्या हद्दीत कोणाचे काय हक्क आहेत याची चौकशी जिल्हाधिकारी करतात. हक्क संपादित होऊ शकतात, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांशी सल्लामसलत करून चालूही राहू शकतात. त्यामुळे अभयारण्यात चराई सरसकट बंद नसते, तिच्यावर नियंत्रण असतं. राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरं घालताच येत नाहीत. बाहेरच्या माणसाला आत जायला परवाना लागतो आणि एकूण ताबा वनखात्याचा. राधानगरी, कोयना, तानसा ही नावं आपण गव्या-बिबट्यांसाठी घेतो, पण ही धरणांभोवतालची जंगलं आहेत. मुंबईच्या नळाला येणारं तानसाचं पाणी याच झाडीतून उतरतं.

इको-सेन्सिटिव्ह झोन येतो पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ मधून, आणि अधिसूचना काढतं केंद्र सरकार. इथे सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. बदलतं ते त्या जमिनीवर काय करता येईल हे. अभयारण्यांभोवतीच्या झोनसाठी केंद्रानं २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात कामांच्या तीन याद्या आहेत. व्यावसायिक खाणी, दगडखाणी, खडीक्रशर, प्रदूषण करणारे कारखाने बंद. हॉटेलं, झाडतोड, रस्ता रुंदीकरण, पाण्याचा व्यावसायिक उपसा नियंत्रित. स्थानिकांची चालू शेती आणि फळबाग मोकळी. पश्चिम घाटासाठीच्या अधिसूचनेच्या मसुद्यात बांधकामाची मर्यादा २०,००० चौरस मीटरची आहे. शेतकऱ्याचं घर तिच्या जवळपासही जात नाही.

झोन असायला शेजारी अभयारण्य असावंच लागतं असंही नाही. डहाणू तालुका (१९९१), महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) हे आपापल्या अधिसूचनेनं झोन झाले. माथेरानच्या रस्त्यांवर गाड्यांना याच नियमांत बंदी आहे, आणि साध्या ई-रिक्षेच्या प्रायोगिक फेऱ्यांसाठीही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. त्याच वर्षी न्यायालयानं प्रत्येक अभयारण्याभोवती किमान एक किलोमीटरचा झोन सक्तीचा केला होता. गावोगावी गोंधळ उडाला आणि २०२३ मध्ये तो आदेश शिथिल झाला.

मग लोकांची भीती निव्वळ अडाणीपणाची का? मुळीच नाही. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर आखलं गेलं. त्यात गावं, शेतं, वस्त्या सगळं आलं. जमिनीचे व्यवहार वर्षानुवर्षं अडले आणि शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावं लागलं. हा अनुभव गाठीशी असलेल्या भागात ‘हे अभयारण्य नाही हो’ असं सांगून कोण लगेच विश्वास ठेवणार?

पण मला झोनबद्दलची काळजी उलट्या बाजूनं वाटते. अभयारण्याची हद्द हलवायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. झोनचा भार मात्र नियंत्रित कामांच्या यादीवर, झोनच्या विकास आराखड्यावर (झोनल मास्टर प्लॅन) आणि देखरेख समितीवर असतो. म्हणजे झोन राबवणारी माणसं जितकी खमकी, तितकाच तो टिकतो. डहाणूसाठी न्यायालयाच्या आदेशानं १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. त्यानं १९९८ मध्ये डहाणूच्या किनाऱ्यावरचं नियोजित वाढवण बंदर अडवलं. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं, धर्माधिकारींच्या पश्चात, अटी घालून त्याच बंदराला वाट दिली. बंदर हवं की नको हा वेगळा वाद. अधिसूचना तीच असताना निर्णय बदलू शकतो, एवढं त्यातून दिसतं. वाढत्या गावाला असा लवचीक नियम सोयीचा असतोच, पण हॉटेल बांधणाऱ्यालाही तो तितकाच सोयीचा.

तुमच्या गावाबद्दल कागद आला तर आधी वरच्या ओळीत कोणता अधिनियम लिहिलाय ते बघा: १९७२ चा की १९८६ चा. मग शेवटच्या परिशिष्टात गावाचं नाव आणि नकाशा शोधा. कागद झोनचा मसुदा असेल तर राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून हरकती-सूचनांसाठी ६० दिवस मिळतात. हरकत लेखी पाठवा, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला. आणि ती नुसती ‘झोन नको’ अशी न लिहिता यादीतलं कोणतं काम कोणत्या रकान्यात (बंद, नियंत्रित की मोकळं) हवं ते नेमकं लिहा.