वजनकाट्याला न कळणारी धूळ

प्रयोगशाळेत घडवलेले नॅनोकण, म्हणजे 100 नॅनोमीटरहून लहान कण, शरीराला बाधतात का, हे तपासणारे संशोधक बहुतेकदा हवेच्या प्रदूषणावरही काम करताना दिसतात. हे दोन विषय एकाच टेबलावर कसे आले, ते समजून घ्यायचं तर मुंबईकराने परळपासून सुरुवात करावी.

मुंबईत धुराविरुद्धचा कायदा 1912 चा. तेव्हा धूर जोखायचा तो डोळ्यांनी, चिमणीतून निघतो तो किती काळा ते बघून. पण गिरणगावातल्या कामगाराला त्रास देणारी धूळ काळी नव्हती, पांढरी होती. कापूस मोकळा करून पिंजणाऱ्या ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यात कापसाचे बारीक तंतू दिवसभर उडत. केसांवर, भुवयांवर बसत आणि श्वासाबरोबर आतही जात. आठवड्याची सुट्टी संपवून माणूस कामावर आला की त्याच दिवशी छाती आवळून यायची, मग हळूहळू सैल व्हायची. बिसिनोसिस या आजाराची ही ओळखीची खूण.

याच भागातल्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फार मोलाचं काम केलं. लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग अशा चार ठिकाणच्या चार हजारांहून अधिक रहिवाशांची त्यांच्या चमूने पाहणी केली. खोकला किती दिवसांचा, जिना चढताना धाप लागते का, फुंकर किती जोराची, हे सगळं त्या त्या भागातल्या सल्फर डायऑक्साइडच्या पातळीशी ताडून पाहिलं. स्वच्छ मानल्या गेलेल्या खारपेक्षा लालबागमध्ये धाप आणि जुनाट खोकला जास्त आढळला. हवेचा दोष रुग्णाच्या छातीत मोजून दाखवणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या कामांपैकी हे एक. त्याची आठवण व्हायला हवी तेवढी होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, पुढे टॅक्सी सीएनजीवर गेल्या. गंधक कमी झाला, धूळ राहिली. आता तिचा आकार महत्त्वाचा ठरू लागला. भारताच्या हवेच्या मानकांत 1994 मध्ये पीएम 10 (10 मायक्रॉनपर्यंतचे कण) आलं, 2009 मध्ये पीएम 2.5 (2.5 मायक्रॉनपर्यंतचे). मोजणीची रीत साधी आहे: कोरा फिल्टर तोलायचा, ठरावीक वेळ त्यातून हवा ओढायची, राखाडी झालेला फिल्टर पुन्हा तोलायचा.

इथेच खरी अडचण आहे: काटा वजन सांगतो, कण किती बारीक ते नाही. 1995 मध्ये अॅबरडीनमधले संशोधक अँथनी सीटन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की 100 नॅनोमीटरहून लहान कण फुप्फुसाच्या तळाशी दाह पेटवतात, रक्त गोठण्याकडे झुकतं आणि म्हणून प्रदूषणाच्या दिवसांत हृदयविकाराचे मृत्यू वाढतात. 2004 मध्ये संशोधक गुंटर ओबरडोर्स्टर यांना उंदरांनी हुंगलेले कार्बनचे असे कण मेंदूच्या गंधकेंद्रात सापडले. नॅनो-तंत्रज्ञानाची उमेद तेव्हा जोरात होती, आणि उद्योग जे कण मुद्दाम बनवू पाहत होते ते नेमके याच मापाचे होते. त्याच वर्षी केन डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांनी ‘नॅनोटॉक्सिकॉलॉजी’ ही नॅनोकणांचा विषारीपणा अभ्यासणारी वेगळी शाखा हवी, असं लिहिलं. 2008 मध्ये लांब, ताठ कार्बन नलिका उंदरांच्या पोटातल्या आवरणावर अॅस्बेस्टॉससारखा परिणाम करतात, हेही दिसलं. धुराचा अभ्यास असा नव्या पदार्थांच्या पहाऱ्याला आला.

साधा हिशेब करून बघा. 2.5 मायक्रॉनच्या, म्हणजे 2,500 नॅनोमीटरच्या, एका गोल कणाचं जेवढं वजन, तेवढ्याच वजनात त्याच पदार्थाचे 100 नॅनोमीटरचे 15,625 कण बसतात, आणि पेशींना भिडणारा एकूण पृष्ठभाग 25 पट होतो. काट्याला दोन्ही सारखेच.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई महापालिकेने मोठ्या बांधकामांभोवती 35 फुटी पत्रे सक्तीचे केले. जाडी धूळ त्याने अडते, आणि ती अडायलाच हवी. पण परळच्या बस थांब्यावर उभ्या माणसाच्या तोंडासमोर डिझेलचा ट्रक गिअर बदलतो, तेव्हा बाहेर पडणारे बहुतांश कण संख्येने 100 नॅनोमीटरच्या आतले असतात. 2009 च्या मानकांत 12 प्रदूषकं आहेत. या कणांच्या संख्येला त्यात रकाना नाही.