पार्श्वभूमी : ईदीची नोट आणि तिच्याआधीचं धान्य

रमजानचा शेवटचा आठवडा लागला की ईदीसाठी, म्हणजे ईदला वडीलधारे मुलांना देतात त्या पैशांसाठी, दहा, वीस, पन्नासच्या कोऱ्या नोटांची शोधाशोध सुरू होते. नाशिकच्या भद्रकाली, दूध बाजार भागातला दुकानदार ओळखीच्या कॅशियरला आधीच सांगून ठेवतो. गंमत अशी, की नोटा छापणारा कारखाना इथेच, नाशिकरोडला. करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात; पण त्या आधी रिझर्व्ह बँकेकडे जातात आणि मग फिरून बँकेत येतात. त्यामुळे ईदीसाठी करकरीत गड्डी मिळवताना नाशिककराला गावाचा म्हणून काही फायदा नाही.

ही ईदी धर्माने सांगितलेली नाही. सांगितलेला आहे तो फितरा, म्हणजे रमजान ईदचं दान. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, कारण दोन्ही एकाच दिवसाच्या आसपास हातातून सुटतात. फितरा हिजरी सन 2 मध्ये, म्हणजे इ. स. 624 च्या सुमारास, मदिनेत लागू झाला. घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, एक 'साअ' (धान्य मोजायचं जुनं अरबी माप) खजूर किंवा जव गरिबाला द्यायचे, आणि तेही ईदच्या नमाजाआधी. हेतू साधा : सणाच्या दिवशी कोणाला हात पसरावा लागू नये. सुन्नी मुसलमानांच्या हनफी पंथात गव्हाचा हिशेब अर्ध्या साअचा, म्हणजे माणशी साधारण दोन किलोच्या आसपास. आज बहुतेक घरं त्या गव्हाचे पैसे देतात आणि दरवर्षीच्या भावाप्रमाणे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, रक्कम जाहीर करतात. त्र्यंबक रोडवरच्या शहाजहांनी ईदगाहवर नमाजाला निघण्याआधी हा हिशेब चुकता झालेला असावा, असा नेम.

ईदीची वाट निराळी, तिच्यात दरबाराचा मोठा वाटा आहे. दहाव्या शतकात कैरोला फातिमी खलिफांची राजधानी वसली. खलिफा अल-अझीझच्या काळात तिथे ईदच्या मिठाईसाठी 'दार अल-फित्रा' नावाचा स्वतंत्र कारखानाच उभा राहिला. अमीर-उमरावांपासून नोकरांपर्यंत ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणे मिठाईची तबकं जात. नवे कपडेही इतके वाटले जात, की त्या ईदला पोशाखांची ईद म्हणत. अकराव्या शतकात तिथे गेलेला इराणी प्रवासी नासिर खुसरो याने ईदच्या मेजवानीसाठी साखरेचं केलेलं संत्र्याचं झाड पाहिलं होतं, पानं-फांद्यांसकट. माझ्या मते फरक इथेच आहे. फितऱ्यात देणारा आणि घेणारा यांच्यात अन्नाची गरज आहे, दरबारी भेटीत नातं आणि पायरी आहे. ईदी पायरीची वारस. ती बहुधा थोरांकडून धाकट्याकडेच जाते, उलट क्वचितच.

हिंदुस्थानात मोगलांनी तीच रीत वेगळ्या थाटात चालवली. सणाला सरदार बादशहापुढे नजर, म्हणजे नजराणा, ठेवत आणि बादशहा खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, देई. मिरवणुकीत उधळायला चांदीची हलकी, छोटी नाणी पाडली जात. जहांगीरच्या अशा नाण्यांवर 'निसार', म्हणजे उधळण, हा शब्दच आहे. त्या राजवटीत नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. जुनी उर्दूभाषक मंडळी ते अजून वापरतात.

दरबार गेले, घरं राहिली. तुर्कस्तानात मुलं वडीलधाऱ्यांच्या हाताचं चुंबन घेतात आणि खाऊ-पैसे मिळवतात. मलेशियात चिनी लाल पाकिटांच्या धर्तीवर हिरवी पाकिटं आली. आपल्याकडे सलाम केला की चाचा, मामू, फुफी यांच्या खिशातून नोट निघते. मामू कंजूष निघाला तर त्याची चर्चा पुढच्या ईदपर्यंत पुरते. लग्न ठरलेल्या मुलीची ईदी मात्र पोरासोरांच्या नोटेपेक्षा वजनदार : सासरहून कपड्यांचा जोड, बांगड्या, मेंदी, शिरखुर्म्याचा सुका मेवा. ऐपत नसताना ती पाठवण्यासाठी उसनवारी होते, हे कौतुकाने सांगण्यासारखं नाही. सणाला हक्काने पैसे मागणारेही असतात. आपल्या दिवाळीच्या पोस्तासारखंच ते.

शेजाराला ईदी जात नाही, डबा जातो. जुन्या नाशिकच्या वाड्यांत शिरखुर्म्याचा डबा आला की तो रिकामा परत करायचा नसतो. निदान साखर घालायची. दिवाळीत फराळाची फेरी उलट दिशेने निघते.

बकरी ईदला नोटांचा जोर कमी. तिथे भेट म्हणजे वाटा. कुर्बानीच्या मटणाचे तीन भाग करायचे : एक घरचा, एक नातेवाईक-मित्रांचा, एक गरिबांचा. असे भाग करणं पसंतीचं मानलं जातं, फितऱ्यासारखं बंधनकारक नाही. कातडं विकून पैसे खिशात घालायचे नसतात, म्हणून पुष्कळ जण ते मदरशांना देतात. ईद-ए-मिलादला एकमेकांना भेटी देण्याची चाल फारशी नाही. त्या दिवशी मिरवणुकीच्या वाटेवर सरबत आणि नियाज, म्हणजे प्रसादासारखं वाटलेलं खाणं, असते, आणि ती घ्यायला कोणाला नातं सांगावं लागत नाही.